चौथ्या आवाजातला खाऊ

गणपती पाण्यात गेले की आमच्या जळगावात दुसऱ्याच दिवशी हातगाड्यांवरचं चित्र पालटतं. कालपर्यंत जिथे सोंडा होत्या, तिथे गुलाबाया येऊन बसतात. मातीच्या, गुलाबी गालांच्या, पदराला सोनेरी रंग फासलेल्या, आणि शेजारी फेटा बांधलेले गुलोजी. यंदा भाजी घेऊन परत येताना मी एका गाडीपाशी उगाच थांबले. गाडीवाला म्हणाला, "घ्या ना ताई, पोरीसाठी." मी म्हटलं, मला पोरगी नाही. तो म्हणाला, "मग शेजारच्या पोरीसाठी घ्या." खान्देशातल्या विक्रेत्याला 'नाही' म्हणून पुढे जाणं ही एक कला आहे, आणि ती मला सेहेचाळीस वर्षांत आलेली नाही. तरी मी गुलाबाई घेतली नाही. पिशवीत मेथीच्या जुडीखाली पोस्टातून सोडवून आणलेलं एक पार्सल होतं, आणि त्यानंतर काही घेण्याची माझी ऐपतही उरली नव्हती, हे खरं कारण.

आमच्याकडे नवी वस्तू दिसली की पहिला प्रश्न 'हे काय आहे' असा नसतो. 'केवढ्याला पडलं' हाच असतो. वस्तू काय आहे ते किंमत कळल्यावर ठरतं. माझ्या घराच्या खाली घरमालकीण राहतात. त्यांच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून इथे आले आणि त्यांनी भांड्यांचं दुकान टाकलं. त्यांना मी भाभी म्हणते, त्या मला निमाताई म्हणतात. जिन्याखाली त्यांनी मला गाठलंच.

"काय आणलं निमाताई?"

"एक डबी आहे. कॉम्प्युटरला लावायची."

"कितीला?"

सांगितलं. भाभींनी पदर सावरला. त्या पदर सावरतात म्हणजे त्यांना धक्का बसलेला असतो.

"अरे बापरे! इत्त्यात तर माझ्या दुकानात दोन कुकर, एक परात, आणि वर वाट्यांचा सेट येईल. आणि ते आयुष्यभर टिकेल."

खरं बोलल्या. मुठीएवढी काळी प्लास्टिकची डबी. एका बाजूला खाच, दुसऱ्या बाजूला वायर. परदेशात कुणी हौशी माणूस आपल्या घरात बसून अशा थोड्या थोड्या बनवतो, आणि जगभरातले मोजके वेडे त्या विकत घेतात. वर सरकारने जकात लावली. ही डबी करते काय, तर जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या पोटात जे साठवलेलं असतं ते बाहेर काढून देते. बस्स. तिला ना शिट्टी येते, ना तिच्यात डाळ शिजते.

व्हिडिओ गेमचं आधी सांगायला हवं. हातात मावणारा, करड्या रंगाचा, हिरवट पडद्याचा तो जुना खेळ मी धुळ्याच्या जुन्या बाजारातून घेतला होता. माझा मोठा भाऊ धुळ्याला असतो, त्याच्याकडे गेले की बाजारात एक चक्कर ठरलेली. विकणारा म्हणाला, "ताई, यात गेम लागत नाही." मी म्हटलं, मला गेम लावायचाच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं ती नजर नंतर मला पुष्कळांकडून मिळाली. मी कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते, ध्वनीच्या प्रयोगांचे नादकाटे कापसाने पुसून ठेवणं हा माझ्या कामाचाच भाग. कुठेतरी वाचलं होतं की अशा खेळात एक खास कॅसेट घातली की तो वाद्य होतो. ती कॅसेटही मी मागवली. तिचीही किंमत भाभींना सांगितली होती, तेव्हा त्यांनी पदर दोनदा सावरला होता.

या वाद्यात चार आवाज असतात. पाचवा नाही. पहिले दोन पिपाणीसारखे, तिसरा जरा घोगरा, आणि चौथ्याला सूरच नाही, नुसती खरखर. पडद्यावर चार रकाने, त्यात वरून खाली आकडे भरायचे. आकडे खाली सरकत जातात तसं ते वाजत जातं. कॉलेजातल्या एका मुलाने मला फोनवर दाखवलं, "मॅडम, हे ॲप फुकट आहे, यात अख्खा वाद्यवृंद येतो." येतो, बाबा. मीही उतरवून पाहिलं. अख्खा वाद्यवृंद समोर हात जोडून उभा राहिला आणि मला त्याला काय सांगावं ते सुचेना. शिवाय मधेच लोन हवं का विचारणारा फोन आला. मग मी परत माझ्या चार आवाजांकडे आले. चारच असले की प्रत्येकाची चौकशी करावी लागते, घरात माणसं कमी असली की करतो तशी. संध्याकाळी गॅलरीत बसायचं, कानात इयरफोन घालायचे, आकडे भरायचे. जळगावात हे करणारी दुसरी व्यक्ती असेल तर मला भेटलेली नाही. मी जे वाजवते ते ऐकणारंही कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत असे.

मग तो एक आश्विन आला, विमलमावशीचा.

विमलमावशी माझ्या आईची धाकटी बहीण, पारोळ्याची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ब्लाउज शिवायची, आणि गायची. आवाज असा की पारोळ्याच्या गल्लीत तिने तोंड उघडलं तर अमळनेरच्या माणसाने मागे वळून बघावं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईचा महिना. लहानपणी आम्हीही तिच्याच गल्लीत राहायचो. गल्लीतल्या सगळ्या पोरी मिळून आम्ही संध्याकाळी घरोघरी जायचो, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायचो, आणि गाण्यांची सरदारीण मावशी. दिवसभर कपाशीला फवारणी करून आलेल्या बाया, वाड्यावस्त्यांवरून शिकायला आलेल्या पोरी, साऱ्या तिच्या मागे. गाणी संपली की खरा खेळ सुरू. त्या घरची बाई आतून झाकण लावलेला डबा आणायची आणि खळ्ळकन हलवायची. आत कोणता खाऊ आहे तो आवाजावरून ओळखायचा. गोड का तिखट, एवढं विचारायची मुभा. ओळखेपर्यंत झाकण उघडणार नाही.

आमच्यात ओळखण्यात मी पटाईत होते. फुटाणे टणक वाजतात, मुरमुरे कुजबुजतात, शेंगदाण्यांना वजन असतं. लाह्यांचा डबा आधी वाटतो रिकामा, मग कळतं की नाही, कुणीतरी आहे. हे मला मावशीने शिकवलं. डब्याकडे टक लावून बघणाऱ्या पोरींच्या डोक्यात ती टपली मारायची.

"डबाकडे काय देखस वं? डबाले काय डोळा शेतस? कान दे, कान!"

आणि स्वतःच्या घरी मात्र ती पक्की लबाड. बत्तासे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे वाजणारच नाहीत. नाहीतर शेंगदाण्यांत दोन चिंचोके टाकायची. आम्ही हैराण व्हायचो, ती कमरेवर हात ठेवून हसायची. "काय शे डबामा? सांगा ना! बठ्ठ्या मुक्या कशा व्हई गयात?"

मुकी तीच झाली. तिच्या घशात गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जीव ठेवला, स्वरयंत्र काढलं. गळ्याला एक भोक, त्यावर जाळीचा रुमाल. जळगावला पुढचे उपचार, म्हणून त्या भाद्रपदात ती माझ्याकडे राहायला आली. मी स्टँडवर घ्यायला गेले तेव्हा एसटीतून उतरली आणि तिने नेहमीसारखं तोंड उघडलं. उघडलेलं तोंड तिने तसंच मिटलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला तिचा राग आला. इतकी मोठी बाई, आवाज न करता उतरलीच कशी गाडीतून, असला काहीतरी वेडा राग. मग मी तिची पिशवी घेतली आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून गरजेपेक्षा जास्त भांडले.

तिला लिहिण्याचा कंटाळा. मोबाइलवर अक्षरं दाबण्याचा तर तिरस्कारच. हातवारे, चुटक्या, ताटावर चमचा, यावर आमचं भागायचं. चमचा एकदा वाजला तर पाणी, भराभर वाजला तर 'निमे, दूध उतू चाललं.' दिवस जायचे. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे मे महिना विसरलेली वस्तू न्यायला परत आल्यासारखं असतं. कूलर माळ्यावर टाकलेला असतो आणि माणूस पंख्याखाली घामाघूम. दुपारी ती खिडकीत बसून केळीचे ट्रक मोजायची. मी कॉलेजातून आले की बोटांनी आकडा सांगायची, आणि मी "आज कमी झाले" किंवा "वा, आज पुष्कळ" असं काहीतरी म्हणायची. माझ्या घरी कुणीतरी माझी वाट बघत बसतंय याची मला सवय नव्हती. फार लवकर लागली.

एके संध्याकाळी कॉलनीतल्या पोरी गुलाबाई घेऊन भाभींच्या अंगणात आल्या. त्यांना गाणी अर्धीमुर्धीच येत होती. एक मुलगी मोबाइलमध्ये बघून म्हणत होती, बाकीच्या मागून ओढत होत्या. भाभींनी वर हाक मारली, "मावशीजी, या ना खाली! तुम्हाला तर सगळी येतात." नंतर जीभ चावली. मावशी मात्र उतरली. पहिल्या कडव्याला तिने टाळी धरली. दुसऱ्या कडव्याला पोरी अडखळल्या, आणि पुढची ओळ मावशीच्या ओठांवर आली. ओठ हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. एका लहानगीने ते बघितलं आणि ती आईच्या मागे लपली. मावशी उठली, जिना चढली आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तिने चमचाही वाजवला नाही.

मला वाटलं, आपल्याकडे इलाज आहे. एवढं महागाचं यंत्र घेतलंय ते कधी कामी येणार? मी दोन दिवस खपून तिच्या आवडीच्या चाली त्या पिपाणीसारख्या आवाजात बसवल्या. इयरफोन काढून खेळाचा छोटा भोंगा चालू केला आणि तिच्यापुढे धरला. तिने मन लावून ऐकलं. माझ्या गालावरून हात फिरवला. मग तोच हात हवेत आडवा हलवला. नको. भाषांतर करायची गरज नव्हती. मेलेल्या माणसाचा फोटो दाखवून कुणी म्हणावं, हे घे, आला परत, तसं मी केलं होतं. त्या संध्याकाळी कुणी मला विचारलं असतं की या वस्तूची किंमत वसूल झाली का, तर मी ती खिडकीतून खाली टाकून दाखवली असती.

पण खेळ तिच्या हाती राहिला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर ती तो मांडीवर घेऊन बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. मी तिला जुजबी दाखवून दिलं. हे बटन वरखाली केलं की आकडा बदलतो, आकडा बदलला की आवाज बदलतो, इथे दाबलं की वाजतं. पहिले तीन रकाने तिने पटापट पार केले, आवडत नसलेल्या पाहुण्यांच्या घरावरून जावं तसे. चौथ्यावर थांबली. चौथा म्हणजे खरखर. मीसुद्धा त्याचा उपयोग तालापुरता करत असे, त्याला आवाज म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मावशीने एक आकडा बदलला. ऐकलं. अजून एक बदलला. मधे दोन घरं रिकामी सोडली. पुन्हा ऐकलं. संध्याकाळ होत आली, मी पोळ्या लाटत होते, आणि चमचा भराभर वाजला. दूध उतू जायला दूध चुलीवर नव्हतं. बाहेर येऊन बघते तर तिने खेळ माझ्या कानाशी धरला आणि बटन दाबलं.

खळ्ळ. खळ्ळ खळ्ळ. थांबा. खळ्ळ.

मी पिठाच्या हातांनी तशीच उभी. तिने भुवया उडवल्या. कमरेवर हात ठेवला.

"फुटाणे," मी म्हटलं.

तिने मान हलवली. नाही. पुन्हा वाजवलं.

"फुटाणे नाहीत? टणक तर आहे." मी डोळे मिटले. "साखरफुटाणे!"

मावशी हसली. आवाजाशिवाय, पण अख्खं अंग हलवून हसली. गळ्यावरचा रुमाल वरखाली झाला. आणि मी, प्रयोगशाळेत कंपनसंख्या मोजणारी शहाणी बाई, स्वयंपाकघरात जाऊन पोळीवर रडले.

त्यानंतर कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या घरी खाऊ ओळखला जायचा. मी कॉलेजात असताना ती डबा भरून ठेवायची, मी आले की हलवायची. मुरमुऱ्यांसाठी तिने खरखर अशी बारीक केली की कान टवकारावे लागत. एकदा तिने असं काही केलं की आधी जड, मग हलकं, मी तीनदा हरले आणि मग ओरडले, "शेंगदाण्यात चिंचोके!" तिने माझ्या डोक्यात टपली मारली, शाबासकीची. ज्या वस्तूवर मी वर्षभर सूर शोधत बसले होते, तिच्यात ही बाई सूर सोडून बाकी सगळं शोधून बसली. भाभी एकदा वर आल्या, त्यांनाही एक डबा ऐकवला. म्हणाल्या, "हे तर कुणी गहू चाळतंय." मावशीने कपाळावर हात मारला. भाभी म्हणाल्या, "मग चांगलं आहे की तुमचं यंत्र. महाग आहे, पण चांगलं आहे."

कोजागिरीच्या दिवशी तिने शेवटचा डबा भरला. दुपारभर त्याच्यावर होती. संध्याकाळी वाजवला, आणि मला काही ओळखता येईना. आधी एक हलकी सळसळ, मग लांब थांबा, मग दोन बारीक ठोके, आणि पुन्हा काहीच नाही. लाह्या म्हटलं, बडीशेप म्हटलं, खोबऱ्याचा कीस म्हटलं. गोड का तिखट, विचारलं. तिने हाताने सांगितलं, दोन्ही नाही. मी म्हटलं, थांब, मला उद्यापर्यंत वेळ दे. दुसऱ्या दिवशी भाऊ आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं, मग काही दिवस तिकडेच राहू दे असं ठरलं. खेळ माझ्याकडे राहिला. व्हिडिओ कॉलवर मी रोज नवं नाव घ्यायची, ती ओठांवर बोट ठेवून हसायची. फडक्यात गुंडाळलेले बत्तासे का गं? बोट ओठांवर. रिकामा डबा? बोट ओठांवर. थंडीत, भरिताच्या वांग्यांनी बाजार हिरवागार झाला होता तेव्हा, ती धुळ्याला झोपेत गेली. डबा उघडायचा राहिला.

लोकांकडे गेलेल्या माणसाचे आवाज असतात. मोबाइलमध्ये असतात, लग्नाच्या सीडीत असतात. मावशीचं गाणं कुणी कधी रेकॉर्ड केलंच नाही. रोज गाणाऱ्या बाईला कोण रेकॉर्ड करतं? माझ्याकडे तिचं वाजणारं असं एवढंच, ती कोजागिरीची सळसळ. मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की चहा टाकायच्या आधी खेळ सुरू करते, ती आहे ना ते बघते, एकदा ऐकते, आणि एक नाव घेते. राजगिरा. खसखस. वाळवलेली बोरं. हो किंवा नाही म्हणायला कुणी नाही. तरी मी नाव घेते. मग चहा टाकते. मला तिची फार आठवण येते हे असं लिहिल्यावर फार साधं वाटतं, पण आहे ते तेवढंच आहे.

यंदा श्रावणात एके संध्याकाळी पडदा नेहमीपेक्षा उशिरा उमटला, आणि बघते तर माझी स्वतःची दोन गाणी गायब. त्यांच्या जागी चिन्हांचा कचरा. मावशीचा डबा शाबूत होता. त्या कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा एक बटनसेल असतो. खेळ बंद असताना आतल्या आठवणी तो जागून सांभाळतो. सेल संपला की सगळं पुसलं जातं, एका क्षणात, सूचना न देता. हे मला घेताना माहीत होतं. तेव्हा त्यात जपण्यासारखं काही नव्हतं. नुसता आवाज मोबाइलवर टिपता आला असता, पण मला तिने स्वतःच्या हाताने भरलेले आकडेच हवे होते.

भावाकडे धुळ्याला गेले तेव्हा कॅसेट पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेली. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवली. त्याने भिंगातून बघितलं. "सेल बदलून देतो ना ताई. पण सेल काढला की आतलं उडेल. दुसरा सेल शेजारी जोडून ठेवून बदलता येतं, पण हात हलला तर मी जबाबदार नाही." मी कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली. भाऊ बाहेर गाडीवर बसून वाट बघत होता. मी त्याला नव्या डबीचं सांगितलं, ती कॅसेटला धक्का न लावता आतलं उतरवून घेते म्हणून. आणि अर्थात त्याने विचारलंच.

"कितलाले पडी ती?"

सांगितलं.

"निमे, येडी व्हई गयी का तू? तितलामा विमलमावशीना नावना बठ्ठी गल्लीले जेवण घालता येई!"

"भाऊ, तिचं जेवण घालून झालं."

त्याने गाडीला किक मारली, पुन्हा बंद केली. मग म्हणाला, "त्यामा ती बोलस का?"

"बोलत नाही. वाजते."

"मंग मांगाडी ले," तो म्हणाला, आणि वाटेत पारोळा चौफुलीचा विषय काढून रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत बसला.

पार्सल निघालं, कुठल्या कुठल्या विमानतळांवर थांबलं, जकातीत अडकलं. तोवर माझ्या संध्याकाळी काय सांगाव्यात. कॉलेजात लक्ष लागत नसे. बटन दाबायच्या आधी मी देवाजवळ दिवा लावू लागले, आणि मी काही फार देवभोळी नाही. पडदा उजळेपर्यंतचा तो श्वासभर वेळ! मग आकडे उमटायचे, चौथ्या रकान्यातले, जिथे तिने सोडले होते तिथेच, आणि मी अक्षरशः मोठ्याने म्हणायची, "आहेस ना गं?" आहे. आज आहे. उद्याचं उद्या. मावशी ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा बाहेर बाकावर बसून जे वाटलं होतं, ते मला पुन्हा रोज वाटू लागलं. आणि रोज संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन सांगत होते, वाचली.

काल रविवार. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून (धूळ उडू नये म्हणून) मी कॅसेट त्या काळ्या डबीत खोचली. कॉम्प्युटरवर एक रेघ भरत गेली आणि भरली. झालं. एवढंसंच होतं. फाइल उघडली, चौथा रकाना समोर आला. मावशीने त्या दुपारी कोणत्या घरात कोणता आकडा भरला, कुठे किती जागा सोडली, सगळं स्वच्छ, उघडं. प्रयोगशाळेची सवय, मी वाचून काढलं. त्यात खाऊचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? ते तिला माहीत होतं, यंत्राला नाही. फाइलच्या मी प्रती केल्या. एक कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, एक भावाला पाठवली, एक तिऱ्हाईत देशातल्या कुठल्या तरी ढगात. आता सेल संपो, घराला आग लागो, तिला काही होत नाही. मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

भाभी सकाळी जिन्यात भेटल्या. "झालं का काम, निमाताई? वसूल झाले का पैसे?" मी म्हटलं, हो भाभी, पै न् पै. डबी लबाड नव्हती, तिने जे कबूल केलं होतं ते चोख केलं. भाभींना बरं वाटलं. एवढी महाग वस्तू कामाला आली की त्यांना आपल्याच घरात भर पडल्यासारखं वाटतं.

आज कॉलेजातून आले. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, चहा टाकला. खाली पोरी जमत होत्या, टिपऱ्यांचा आवाज येत होता. चहा गाळला, गॅलरीत बसून प्यायले, कप विसळून पालथा घातला. मेथी निवडायला घेतली. निम्मी जुडी झाल्यावर लक्षात आलं की मी आज खेळ सुरूच केला नाही. दिवा लावला नाही, 'आहेस ना' विचारलं नाही. विचारायचं काय? ती आहे. उद्याही असेल, परवाही असेल, मी बघितलं तरी आणि न बघितलं तरी. हातातलं मेथीचं पान मी ताटात टाकलं. रोज संध्याकाळी कुणीतरी मरता मरता वाचत होतं माझ्या घरात. आता कुणाला काही होणार नव्हतं.